हात पसरून उडी मारली की झाला ख्रिस्त?

निळी_शाई (धागाकर्ती)

गेल्या महिन्यापासून भाचीबरोबर 'बफी द व्हँपायर स्लेयर' (रक्तपिपासू पिशाच्चं मारणाऱ्या बफी नावाच्या मुलीची अमेरिकन मालिका) पहिल्यापासून परत बघतेय. १९९७ ते २००३, सात सीझन, १४४ भाग. भाचीच्या जन्माआधीचं प्रकरण, त्यामुळे सुरुवातीचे रबरी मुखवट्यांचे राक्षस बघून ती हसून लोळत होती. पण रविवारी रात्री पाचव्या सीझनचा शेवटचा भाग 'द गिफ्ट' संपला आणि पोरगी एकदम गप्प. जरा वेळाने म्हणाली, "मावशी, ही तर येशू झाली की."

(ज्यांनी बघितली नाही त्यांनी इथेच थांबा. इतक्या वर्षांनी स्पॉयलरचा इशारा म्हणजे 'रावण सीतेला पळवतो हे सांगू नका' म्हणण्यातला प्रकार, पण नंतर शिव्या नकोत.)

प्रसंग असा. एक वेडावाकडा, उंच लोखंडी मनोरा. वर बफीची धाकटी बहीण डॉन. तिचं रक्त सांडलंय आणि त्या रक्ताने दोन जगांमधली भिंत फाटत चाललीय. रक्त थांबेल तेव्हाच ती बुजेल, म्हणजे डॉन मेली तर. आता डॉन मुळात माणूस नाही. काही संन्याशांनी एका शक्तीला मुलीचं रूप देऊन बफीच्या घरात बहीण म्हणून ठेवलेली, आणि तिला घडवलं बफीपासूनच. वर उजाडायला लागलंय. बफीच्या लक्षात येतं, हिचं रक्त ते माझंच. बहिणीशी चार शब्द बोलते, वळते, फळीवरून धावते आणि हात पसरून झेप घेते. मग थडग्याचा दगड: 'हिने जगाला वाचवलं. पुष्कळदा.'

२२ मे २००१ ला हा भाग पहिल्यांदा दाखवला, मालिकेचा बरोब्बर शंभरावा. पुढच्या सीझनच्या सुरुवातीला मैत्रीण जादूने तिला उठवते. म्हणजे मरण, पुनरुत्थान, सगळं हजर.

तरी मला भाचीचं म्हणणं पटलं नाही, आणि का पटलं नाही ते नीट सांगताही आलं नाही. हात पसरले की ख्रिस्त, मेलेला उठला की ख्रिस्त, इतकं स्वस्त असतं का हे? मी ख्रिस्ती नाही, माझं ज्ञान शाळेतल्या नाताळच्या नाटकापुरतं (मी मेंढपाळ क्रमांक ३ होते). जाणकारांनी लिहावं. फक्त नुसत्या याद्या नकोत.

कटिंग_चहा

यादी नको म्हणालात, म्हणून यादीच देतो :)

'लॉस्ट'चा जॅक. शेवटच्या भागात कुशीत सुरा बसतो. क्रूसावर भाला कुठे मारला होता? कुशीतच. बापाचं नाव ख्रिश्चन शेफर्ड, म्हणजे ख्रिस्ती मेंढपाळ. इतकं उघड की त्याच भागात केट ते नाव ऐकून हसते. लेखकांनीच स्वतःला चिमटा काढलाय.

'गेम ऑफ थ्रोन्स'चा जॉन स्नो. आपल्याच बांधवांनी भोसकला, जून २०१५ मध्ये. आधी त्याला ज्या खांबापाशी नेतात त्यावर 'गद्दार' अशी पाटी. क्रूसावर पण पाटी होतीच. मे २०१६ मध्ये उठला. मधले दहा-अकरा महिने आमच्या ऑफिसात कामं बंद, फक्त 'तो परत येणार का' यावर पैजा.

वसईचा_वारा

निळी_शाई, तुमची भाची हुशार आहे, पण ती चुकीच्या सीनमध्ये बघतेय.

मी कॅथलिक, दर उपवासकाळात क्रूसाची वाट (येशूच्या शेवटच्या वाटचालीची उपासना) करत मोठा झालो. चौदा स्थानं, तीनदा पडणं, वेरोनिकाचा रुमाल. हात पसरलेली आकृती आम्हाला इतकी सवयीची की तिच्याने काही होत नाही. दिग्दर्शकाला ती फुकट मिळते. कॅमेरा वर न्या, नट हात पसरेल, पाठीमागे उजेड, झालं. 'सुपरनॅचरल'मध्ये सॅम खड्ड्यात जातो तेव्हाही हात पसरलेले, आणि त्याच्या अंगात त्या वेळी सैतान आहे!

खरी जागा तीन भाग पुढे आहे. सहावा सीझन, 'आफ्टर लाइफ'. बफी शवपेटीतच जागी झालीय आणि माती उकरून बाहेर आलीय. डॉन तिला घरी आणते, हातपाय धुते. मग बफीवर जीव असलेला व्हँपायर, स्पाइक येतो. बफी जिना उतरते, आणि तो तिच्या चेहऱ्याकडे बघून झाल्यावर कुठे बघतो? हातांकडे. बोटांची पेरं सोललेली. बाकीच्यांना ते कळत नाही, याला लगेच कळतं, कारण हाही कधीतरी पेटीतूनच उकरून बाहेर आलेला.

थोमाची गोष्ट आठवा. बाकीचे शिष्य सांगतायत प्रभू उठला, हा म्हणतो, हातांतले खिळ्यांचे व्रण बघितल्याशिवाय मानणार नाही. उठलेल्या ख्रिस्ताची ओळख चेहऱ्याने पटत नाही, मरियेला तर तो माळी वाटला. ओळख पटते जखमांनी. पुनरुत्थानात जखमा पुसल्या जात नाहीत, हा आमच्या धर्मातला सगळ्यात विचित्र आणि मला सगळ्यात आवडणारा भाग.

मग ती विचारते, किती दिवस झाले? तो म्हणतो, काल १४७, आज १४८, पण आजचा धरायचा नाही ना. दिवस मोजत बसलेला माणूस. ती दोन मिनिटं मला हात पसरलेल्या शंभर हिरोंपेक्षा जास्त ख्रिस्ती वाटतात.

निळी_शाई

अंगावर काटा आला. तो सीन मी चार वेळा बघितलाय आणि 'मेकअप चांगलाय' एवढंच वाटलं होतं.

रोखठोक_राणे

माफ करा, पण हे जरा जास्त होतंय. मालिकेचा कर्ता जॉस व्हीडन स्वतःला नास्तिक म्हणवतो. दुसऱ्यासाठी मरणं ही काय ख्रिश्चनांची मक्तेदारी आहे? दधीचींनी वज्रासाठी हाडं दिली, शिबीने कबुतरासाठी मांडी कापून दिली. मरून परत येणारे देव सुमेर-इजिप्तपासून आहेत. पाश्चात्त्यांनी बनवलं की लगेच ख्रिस्त दिसतो, हा आपला न्यूनगंड.

कटिंग_चहा

आले! धाग्याचा काश्मीर व्हायला आता किती वेळ लागतोय बघू. *पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे*

मिशन_कंपाउंड

राणे साहेब, दधीचींचं उदाहरण चांगलं आहे, त्यातूनच फरक दाखवता येतो. मी नगरचा, प्रोटेस्टंट घरातला, आजोबा पाळक होते. (वसईवाले 'क्रूस' म्हणतात, आमच्या आजोबांच्या तोंडी 'वधस्तंभ'. एकाच लाकडाला दोन शब्द, आणि त्यावरून घर ओळखता येतं.)

दधीची दान देतात. इंद्राला हत्यार हवं होतं, ते हाडांचं झालं. थोर आहे, पण ते दुसऱ्या कोणाच्या वाटचं मरण नाही. ख्रिस्ती कल्पनेचा गाभा 'बदली' आहे. मरायचं होतं दुसऱ्याला, मेला हा. आणि कोणीही कोणाच्याही बदली चालत नाही. आजोबा उपदेशात सांगायचे, देव आकाशातून नुसता 'माफ' म्हणाला असता, पण तो आधी आपल्या रक्तामांसाचा झाला, कारण बदली व्हायचं तर रक्त एक लागतं.

आता 'द गिफ्ट' परत बघा. बफीची उडी का चालते? शूर आहे म्हणून नाही. डॉनचं रक्त आणि तिचं रक्त एक आहे म्हणून. मनोऱ्यावर तिला जे उमगतं ते नेमकं हेच. नास्तिक लेखकाने हे ठरवून केलं का, माहीत नाही आणि मला फरकही पडत नाही. ज्या घरात, ज्या भाषेत वाढलात तिची व्याकरणं हाताला लागलेली असतात. आपण नाही का, देव मानो न मानो, 'अग्निपरीक्षा' म्हणतो?

हात पसरले नसते तरी चाललं असतं. रक्त एक नसतं तर नसतं चाललं.

रोखठोक_राणे

'बदली'चा मुद्दा मान्य. आधी असा विचार केला नव्हता. पण मग जॉन स्नो यादीतून बाद. तो कोणाच्याच बदली मेला नाही, राजकारणात मेला. उठल्यावर त्याला विचारतात पलीकडे काय पाहिलंस, तर म्हणतो, काहीच नाही. आणि त्या जगात उठणं ही नवलाईसुद्धा नाही, बेरिक डोंडॅरियन सहा वेळा उठलाय.

निळी_शाई

हो ना! आणि बफी उलट स्वर्गात होती. मित्रांना वाटतं आपण तिला नरकातून सोडवलं, ती त्यांना सांगतच नाही की तुम्ही मला स्वर्गातून ओढून आणलंत. तेव्हा फक्त स्पाइकला सांगते, दुकानामागच्या गल्लीत, भर उन्हात, आणि तो सावलीत उभा.

गंमत म्हणजे सातव्या सीझनमध्ये कबरस्तानात एक नवा व्हँपायर, तिचा जुना वर्गमित्र, गप्पा मारता मारता विचारतो, देव आहे की नाही, काही कळलं का? ती म्हणते, अजून ठोस काही नाही. स्वर्गात राहून आलेली बाई! क्रूस लावला की व्हँपायर भाजतात, पवित्र पाण्याने भाजतात, पण त्यामागे जो असायला हवा तो सात सीझनमध्ये कुठेच नाही. क्रूस म्हणजे फक्त चालणारं अवजार, पान्यासारखं.

एक अपवाद. सातव्याच सीझनमधला 'बिनीथ यू'. स्पाइक आत्मा परत मिळवून आलाय, अर्धवट वेडा झालाय, रात्री चर्चमध्ये बडबडतो आणि शेवटी मोठ्या क्रूसाला मिठी मारून त्यावर रेलतो. अंगातून धूर निघतोय. विचारतो, आता विसावा घेऊ का. तिथे क्रूस अवजार राहत नाही. हे कसलं प्रतीक ते मला सांगता येणार नाही, पण भाची रडली.

किवी_काका

ऑकलंडहून लिहितोय. आमच्या अंगणातली मालिका कोणालाच आठवली नाही याचा निषेध! 'झीना: वॉरियर प्रिन्सेस'. इथेच आसपासच्या किनाऱ्यांवर आणि डोंगरांत शूटिंग व्हायचं. बफीने हात पसरण्याच्या दोन वर्षं आधी, १९९९ मध्ये, झीना आणि तिची सोबतीण गॅब्रिएल यांना खरोखरच्या क्रूसावर खिळे ठोकून मारलंय. चौथ्या सीझनचा शेवटून दुसरा भाग, 'द आइड्स ऑफ मार्च'. बर्फात उभे केलेले क्रूस, आणि मधूनमधून रोममध्ये सीझरवर पडणारे सुरे. क्रूस दिला सीझरनेच. हुकूम देणारा आणि भोगणाऱ्या एकाच वेळी मरतात.

आणि राणे, तुमच्यासाठी खास. त्यांना परत जिवंत कोण करतं? एलाय नावाचा माणूस. दाढी, अहिंसा, प्रेमाची शिकवण, आजारी माणसांना बरं करणं. नाव सोडून सगळा येशू. हा एलाय मालिकेत पहिल्यांदा भेटतो कुठे? भारतात! हातचलाखीचे खेळ करत फिरत असतो. 'द वे' नावाच्या भागात इंद्रजित नावाचा राक्षस 'अवतारा'च्या मागावर आहे, आणि तो अवतार म्हणजे एलाय निघतो. सोबतीला हनुमान. झीना कृष्णाची प्रार्थना करते आणि कृष्ण येऊन तिला सांगतो, तुझा मार्ग योद्ध्याचा आहे, तोच चाल. गॅब्रिएल मात्र अहिंसा स्वीकारते आणि आपली काठी नदीत फेकून देते. एकाच भागात ख्रिस्त, गीता आणि हनुमान. मिसळीत फरसाण कमी पडलं म्हणून वर शेव.

त्यावर अमेरिकेतल्या हिंदू संघटनांनी आवाज उठवला, भाग काही काळ मागे घेतला गेला आणि पुढे बदल करून दाखवला. आक्षेप कृष्ण-हनुमानाला काल्पनिक पात्रांसारखं वापरण्यावर होता. मी तेव्हा इथे नवीनच आलो होतो. मित्र चिडले होते, मला खरं सांगायचं तर हनुमान बघून घरची आठवण आली होती.

मिशन_कंपाउंड

काका, हे भन्नाट आहे. पण बघा, अमेरिकन लेखकाला येशूसाठी हाताशी शब्द सापडला तो 'अवतार'. आणि तोच शब्द सगळ्यात निसरडा. अवतार पुन्हा पुन्हा होतात, दुष्टांना मारून काम संपवून जातात. येशू एकदाच आणि मारतो कोणालाच नाही, मार खातो. झीनाला कृष्णाचा सल्ला आणि गॅब्रिएलला एलायचा, ही दोन टोकं मालिकेने निदान वेगळी ठेवली, याबद्दल गुण द्यावे लागतील. आणि क्रूसाच्या आदल्या मारामारीत गॅब्रिएल अहिंसा मोडते, झीनाचा जीव वाचवायला. पाठीचा कणा मोडून झीना हलू शकत नाही, आणि तो मोडतो तिच्याच चक्राने. तेही शस्त्र आपल्याकडचंच.

शब्दांचा हा घोळ जुना आहे. फादर थॉमस स्टीफन्सने गोव्यात 'ख्रिस्तपुराण' लिहिलं, १६१६ ला राचोलला छापलं. इंग्लंडचा जेझुइट, लिहितो ओवीत, आणि स्वर्गाला बिनधास्त 'वैकुंठ' म्हणतो. ते वाचून कोणी भाग मागे घ्यायला लावला नाही, एवढं खरं :)

रोखठोक_राणे

झीना बघतो. एवढ्यावर थांबतो, नाहीतर कटिंगचे पॉपकॉर्न संपतील.

कटिंग_चहा

संपले. अवांतर: मागे घ्यायला लावण्यावरून आठवलं. २०१९ मध्ये 'गुड ओमेन्स' आली तेव्हा अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती गटाने वीस हजारांवर सह्यांचा अर्ज करून ती बंद करा म्हणून नेटफ्लिक्सला कळवलं. मालिका ॲमेझॉनची होती. नेटफ्लिक्सने पण वचन दिलं, पुन्हा बनवणार नाही.

वसईचा_वारा

😂 आमच्यात पण आहेत हो असले काका. व्हॉट्सॲपवर भेटतात.

ज्यांना प्रतीकं खोलवर वापरलेली बघायचीत त्यांनी 'मिडनाइट मास' बघा (२०२१, सात भाग, भागांची नावं उत्पत्ती, स्तोत्रं, नीतिसूत्रं अशी बायबलमधली). छोट्या बेटावरच्या गावात नवीन फादर येतो. त्याला एका अंधाऱ्या गुहेत पंखवाला कोणी भेटलाय आणि तो त्याला देवदूत समजतोय. आपल्याला पहिल्या नजरेत कळतं तो काय आहे. 'व्हँपायर' हा शब्द मात्र अख्ख्या मालिकेत कोणी उच्चारत नाही. फादर मिस्सेच्या द्राक्षारसात त्याचं रक्त मिसळतो. 'हे माझे रक्त आहे, घ्या आणि प्या.' म्हाताऱ्यांची पाठ सरळ होते, चालता न येणारी मुलगी वेदीकडे चालत येते. आणि लोक रडतात, गातात.

मी लहानपणी वेदीसेवक होतो. ती रांग, जीभ पुढे काढणं, गुडघ्यावरून उठताना बाकाचा होणारा आवाज, सगळं इतकं बरोबर पकडलंय की दुसऱ्या भागानंतर उठून दिवा लावला. तिथे धर्माची टिंगल नाही. फादर लबाड नाही, तो प्रेमातच चुकतो. आईबरोबर बघू नका एवढंच सांगतो. मी बघितली. तीन दिवस अबोला.

मिशन_कंपाउंड

बफीतली एक जागा सांगून माझं आटोपतं घेतो. सहाव्या सीझनचा शेवट, 'ग्रेव्ह'. प्रेयसी मेल्यावर विलो (बफीला जादूने उठवणारी तीच मैत्रीण) जग संपवायला निघालीय, कड्यावर उभी. बफी तिथे नाही, ती जमिनीखाली अडकलीय. समोर जातो झँडर, विलोचा लहानपणापासूनचा मित्र. ना जादू, ना ताकद. धंद्याने सुतार. (हो, सुतार!) तो तिला बालवाडीची गोष्ट सांगतो. पिवळा खडू तुझ्याकडून मोडला आणि कोणाला सांगायची हिंमत नाही म्हणून रडलीस, ती तू मला आवडतेस आणि ही जग जाळणारीसुद्धा. ती त्याला जादूने ओरबाडते, तो पडतो, उठतो आणि परत म्हणतो, माझं प्रेम आहे तुझ्यावर. पुन्हा वार, पुन्हा तेच. मागे संत फ्रान्सिसच्या नावाने ओळखली जाणारी प्रार्थना.

झँडर मरत नाही. हात पसरत नाही. धागाकर्तीच्या प्रश्नाचं माझं उत्तर तो आहे.

वसईचा_वारा

+१. आणि पेत्राची गोष्ट आठवली. त्याने प्रभूला तीनदा नाकारलं, कोळशाच्या शेकोटीपाशी उभं राहून. पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी परत कोळशाचा विस्तव, त्यावर मासे भाजलेले, आणि येशू त्याला तीनदाच विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का?

मला नेहमी या माशांचं नवल वाटतं. मरण जिंकून आलेला माणूस काय करतो, तर मित्रांसाठी न्याहारी. टीव्हीवरचे उठलेले हिरो एकतर सूड घ्यायला जातात नाहीतर खिडकीतून शून्यात बघतात. कोणी स्वयंपाक करत नाही.

निळी_शाई

सगळ्यांचे आभार. भाचीला अख्खा धागा मोठ्याने वाचून दाखवला. तिने एक दुरुस्ती सुचवलीय, झँडरला 'सुतार येशू' म्हटलं तर त्याचा गर्व वाढेल.

काल 'फ्लडेड' बघितला. तळघरातला पाइप फुटलाय, बफी पान्याने पिळते तर अख्खं तळघर पाण्याखाली. मग प्लंबरचं बिल, मग कळतं आईच्या दवाखान्यात सगळे पैसे संपलेत, मग कर्जासाठी बँकेत. पुढे बर्गरच्या दुकानात नोकरी धरते, ते डोक्यावर कोंबडी-गायीची टोपी घालून. स्वर्गातून आलेली बाई, डोक्यावर गाय.

भाचीने मध्येच पॉज केलं. "मावशी, त्या वसईवाल्या काकांना विचार, ते मासे कुठले होते?"

वसईचा_वारा

काका नको, दादा चालेल. गालीलच्या सरोवरातले, म्हणजे गोड्या पाण्यातले. बहुधा तिकडचा मुश्त, पर्यटकांना 'सेंट पीटर्स फिश' म्हणून खायला घालतात, आपल्याकडचा तिलापिया. त्या दिवशी जाळ्यात १५३ आले होते, योहानाने मोजून लिहिलंय. आमच्याकडे बाजारात कोणी ढुंकून बघणार नाही, सगळ्यांना पापलेट हवं.

किवी_काका

तिलापियाचं कालवण मात्र झकास होतं. कोकम जास्त टाकायचं. पाकृ टाकू का?

कटिंग_चहा

टाका. पण नवीन धाग्यात. इथे येशू चाललाय.